दोन पट्ट्यांच्या मधला सूर

पेटी शिकताना माझ्याकडून दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या की बुवा ओरडत नसत. ते पुढे वाकून भात्यावर तळहात ठेवत आणि भाता हळूच मिटवून टाकत. पेटीतून एक उसासा निघे आणि सगळं शांत. मग रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी ऐकू येऊ लागायची. त्या शांततेत काय चुकलं ते आपलं आपण शोधायचं, बोट परत जागेवर आणायचं, मग ते हात काढत. चार वर्षं मी त्यांच्याकडे जात होते. मार एकदाही खाल्ला नाही, पण त्या तळहाताची धास्ती अजून बोटांत आहे.

मागच्या दिवाळीत भाच्याने माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, "आत्या, तू पेटीवाली ना? मग सांग, हा माणूस चुकतोय की मुद्दाम करतोय?"

नुसता पियानो होता, साथीला कोणी नाही. चाल लगेच गुणगुणता यावी इतकी सोपी. पण वाजवणारा दर चार पावलांवर अडखळत होता. सूर यायला हवा त्या जागी यायचाच नाही, जरा वेळाने यायचा, आणि आला की शेजाऱ्याला बरोबर घेऊन यायचा. अर्ध्या मिनिटात माझा डावा हात आपोआप पुढे गेला. भाता मिटवायला.

मी पूर्ण ऐकलं. मग म्हटलं, "मुद्दाम करतोय."

"कशावरून?"

"ती जागा परत आली तेव्हा परत तस्संच केलं त्याने. चूक अशी मोजून मापून दुसऱ्यांदा नाही करता येत रे."

असा माझ्या आयुष्यात थेलोनियस मंक हा जॅझ पियानोवादक आला. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, चकलीच्या तळणीच्या वासात. त्याआधी जॅझ म्हणजे माझ्या लेखी हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं ते.

त्याचं पूर्ण नाव थेलोनियस स्फिअर मंक. जन्म १० ऑक्टोबर १९१७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावचा. १९२२ साली आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या पश्चिम अंगाला, त्रेसष्टाव्या रस्त्यावर राहू लागली. काळ्या लोकांची दाटीची वस्ती होती ती. मंकने तो रस्ता जवळजवळ आयुष्यभर सोडला नाही. लग्न झालं, मुलं झाली, जगभर नाव झालं, तरी तो तिथेच. जागा इतकी अपुरी, की पियानो अर्धा स्वयंपाकघरात घुसलेला असे. चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. कपाट कुठे ठेवायचं यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. यांच्याकडे अख्खा पियानो!

शाळा मध्येच सोडून पोरवयात तो एका फिरत्या धर्मप्रचारक मेळ्याबरोबर ऑर्गन वाजवत गावोगाव हिंडला. आपल्याकडे एखादा पोरगा कीर्तनकारबुवांबरोबर पेटी काखेत मारून फिरतो तसाच. साथ करणाऱ्याला त्या फिरतीत एक गोष्ट कळते, ती क्लासमध्ये कळत नाही: समोरचा बोलायचा थांबतो तेव्हा काय करायचं. बहुतेक जण ती जागा भरून काढतात. फार थोडे ती तशीच ठेवतात.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात तो पगारी पियानोवादक होता. तिथे रात्री उशिरा डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर, केनी क्लार्क अशी मंडळी जमत आणि जॅझची नवी चाल, जिला पुढे बीबॉप म्हटलं गेलं, ती तिथे घडत होती. नव्या चालीची ओळख म्हणजे वेग. सुरांचा पाऊस. मंक त्या घोळक्याच्या मधोमध बसलेला, स्वररचनांचा बराचसा खजिना त्यानेच पुरवलेला, आणि स्वतः मात्र कमीत कमी सूर लावणारा. सगळे द्रुतात पळत असताना हा विलंबितात बसून राहिलेला. त्यामुळे झालं असं, की बीबॉपच्या यशातला वाटा त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचला. स्वतःच्या नावाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका झाल्या त्या १९४७ मध्ये, ब्लू नोट कंपनीसाठी, तो तिशीचा झाला तेव्हा. त्या फारशा खपल्या नाहीत. अनेकांचं म्हणणं सरळ होतं: याला पियानो वाजवता येत नाही.

या 'येत नाही'पाशी मला जरा थांबायचंय, कारण तिथे माझी पेटी येते.

आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. ती १९७१ पर्यंत होती. कारण काय, तर पेटीला मींड घेता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, दाखवता येत नाहीत. एका सप्तकात बारा पट्ट्या, त्यांच्या मधलं काही नाही. ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मानाची जागा मिळवून दिली, जिथे नाटकाचा पडदा पेटीच्या सुराशिवाय वर जात नव्हता, तिथेही रेडिओवर ती चालायची नाही. बुवांना याचा राग होता, पण आक्षेप खोटा आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. "मधला सूर नाहीच तिच्यात," म्हणायचे. "तो आहे असं वाटायला लावायचं."

पियानोचंही तेच दुखणं. आणि ज्या संगीतातून मंक आला त्या ब्लूजचा जीव नेमका मधल्या सुरात. पांढरी एक या पट्टीला सा मानलं तर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये कुठेतरी तो सूर असतो. गायक तिथे गळ्याने जातो, सॅक्सोफोनवाला ओठाने. पियानोवाल्याने काय करायचं? मंक दोन्ही गंधार दाबतो. कधी एकदम, कधी एक दुसऱ्याच्या केसभर आधी, कण लावल्यासारखा. ते दोन सूर एकमेकांना घासतात आणि त्या घासण्यात कानाला मधला सूर ऐकू येतो. तो वाजलेला नसतो.

दिवाळीनंतर मी गवसणी काढून पेटी पुढ्यात घेतली आणि हे करून पाहिलं. भयंकर वाजलं. शेजारच्या काकूंनी "काय गं, उंदीर शिरला का पेटीत?" असं खरोखर विचारलं. दोन-तीन संध्याकाळी खटपट केल्यावर ध्यानात आलं की दोष माझ्या बोटांचा कमी आणि भात्याचा जास्त. पेटीचा सूर हवा आहे तोवर त्याच जोराने चालू राहतो. दोन सूर भांडले तर भांडतच राहतात. पियानोचा सूर मात्र वाजला त्या क्षणापासून विझायला लागतो. मंक त्या विझण्यावर काम करतो. चारपाच सुरांचा गच्च गोळा दाबतो आणि मग एकेक बोट उचलत जातो, की शेवटी एकच सूर मागे उरावा. पंगत उठून गेल्यावर एकटाच जेवत बसलेल्या माणसासारखा.

हे एकदा ऐकू आलं की 'येत नाही' म्हणणाऱ्यांची कीव येते. बोटं सरळ, ताठ ठेवून वाजवायचा तो. पियानोचा कुठलाही मास्तर त्यावर पट्टी मारेल. हातात जाडजूड अंगठी. पाय जमिनीवर असा घसटायचा की जणू खालीही एखादं वाद्य आहे. क्वचित कोपरानेही पट्ट्या दाबायचा. पण डाव्या हाताकडे कान द्या: खर्जात एक सूर, वर उडी मारून कॉर्ड, परत खर्ज. हार्लेमच्या जुन्या स्ट्राइड पियानोची ही चाल. तिचा बादशहा जेम्स पी. जॉन्सन. ती घोटून पक्की झालेली असल्याशिवाय वरचा हात इतका बिनधास्त भटकूच शकत नाही.

१९५४ च्या नाताळच्या आदल्या दिवशीचं एक ध्वनिमुद्रण आहे. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नावाचं, मंक साथीला. त्या दिवशी माइल्सने त्याला सांगितलं होतं की मी वाजवताना माझ्या मागे साथ करू नकोस. यावरून दोघांची जुंपल्याच्या दंतकथा आहेत, त्या सोडून देऊ. मला त्यातला गर्श्विन या संगीतकाराच्या एका प्रेमगीताचा दुसरा टेक परत परत ऐकावासा वाटतो. मंकची पाळी येते. मागे बास आणि ड्रम भरधाव चाललेत, आणि हा मूळ चाल घेऊन ती ताणायला लागतो. प्रत्येक सूर दुप्पट लांब. रबर ताणावं तशी चाल ताणत जाते, ठेक्यापासून मागे मागे पडते, आणि एका जागी तो थांबतो. नुसता थांबतो. बास चालू, ड्रम चालू, पियानो नाही. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं भाच्याच्या फोनचं नेट गेलं. काही क्षण जातात. मग लांबून माइल्सचा ट्रम्पेट दोनचार सूर टाकतो, 'अरे, आहेस ना?' म्हटल्यासारखा. आणि मंक ताडकन परत येतो, बरोबर लयीत, जणू मधल्या वेळात तो सगळं मोजत बसला होता.

तो हरवला होता की वाट बघत होता, यावर लोक सत्तर वर्षं वाद घालतायत. मी ऐकते तेव्हा मला भात्यावर ठेवलेला तळहात दिसतो.

आता त्या थांबण्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल, जी त्याने निवडलेली नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये त्या काळी दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे. ते काढून घेतलं की शहरातली रोजीरोटी संपली. गायिका बिली हॉलिडेचं तसंच गेलं होतं. १९५१ मध्ये मंक आणि त्याचा मित्र, पियानोवादक बड पॉवेल, गाडीत बसलेले असताना पोलीस आले आणि तिथे हेरॉइन सापडलं. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. साठ दिवस तुरुंग, आणि कार्ड जप्त. पुढची सहा वर्षं, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्यापासून चाळिशीच्या उंबऱ्यापर्यंत, त्याला आपल्याच शहराच्या क्लबात वाजवायची परवानगी नव्हती. शहर सोडून जायचा विचार त्याने केला नाही. घर नेलीच्या, त्याच्या बायकोच्या, कमाईवर चालायचं. तो घरी बसून रचना करायचा. १९५५ मध्ये रिव्हरसाइड या नव्या कंपनीने त्याचा करार आधीच्या कंपनीकडून विकत घेतला तो १०८ डॉलर २७ सेंटला. वरचे सत्तावीस सेंट माझ्या डोक्यातून जात नाहीत. कोणीतरी बसून हिशेब केला असणार.

त्याच रिव्हरसाइडसाठी पुढच्या वर्षी ऑक्टोबरात त्याने 'ब्रिलियंट कॉर्नर्स' नावाची रचना ध्वनिमुद्रित करायला घेतली. चाल अशी, की एक आवर्तन संथ झालं की पुढचं दुप्पट लयीत, परत संथ, परत दुप्पट. आणि मात्रांचे हिशेब नेहमीच्या चौकटीत न बसणारे. समोर वादक कोण, तर सॉनी रोलिन्स, मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफोर्ड, अर्नी हेन्री. त्या वेळचे उत्तमातले उत्तम. पंचवीस टेक झाले. एकही शेवटपर्यंत धड गेला नाही. वादावादी झाली. शेवटी निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी फितीचे तुकडे जोडून ती रचना पूर्ण केली. आज आपण ऐकतो ती जोडलेली. सांधा मला काही सापडलेला नाही.

यातले सॅक्सोफोनवाले रोलिन्स पुढे साठच्या दशकात मुंबईला आले आणि पवईच्या आश्रमात काही महिने राहिले. १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' या महोत्सवाच्या पहिल्या वर्षी रंगभवनात वाजवूनही गेले. धोबी तलावापासून चालत पाच मिनिटांवर. मी तेव्हा सहा वर्षांची होते आणि कुणी तिकीट हातात ठेवलं असतं तरी चुरमुरे बांधायला दिलं असतं.

१९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि मंक बोवरीजवळच्या फाइव्ह स्पॉट नावाच्या क्लबात बसला. जोडीला सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. त्या काही महिन्यांत मंक अचानक मोठा झाला. तो वाजवत होता तेच, ऐकणाऱ्यांचे कान पोचले होते. कोल्ट्रेन म्हणायचा की मंकबरोबर वाजवताना क्षणभर लक्ष ढळलं तर लिफ्ट नसलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात पाय टाकल्यासारखं वाटतं. कोल्ट्रेनचा सोलो सुरू झाला की मंक कित्येकदा पियानोवरून उठे आणि स्टेजवर गोल गोल, संथ नाचे. साथ थांबली असं लोकांना वाटे. पण तो नाचूनच ताल धरत होता. हे दोघे एकत्र असलेली ध्वनिमुद्रणं थोडीच. त्या नोव्हेंबरात कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या मैफलीच्या फिती वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नुसत्या पडून होत्या, त्या २००५ मध्ये सापडल्या.

त्याच वर्षी नेलीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. त्या काळजीत त्याने तिच्यासाठी एक चाल बांधली, नाव 'क्रेपस्क्यूल विथ नेली'. क्रेपस्क्यूल म्हणजे फ्रेंचमध्ये तिन्हीसांज. हा माणूस आयुष्यभर जॅझ वाजवत होता, जिथे चाल म्हणजे फक्त खुंटी आणि खरा खेळ तिच्यावर काय टांगता त्याचा. पण या एका रचनेवर त्याने काही टांगलं नाही. बंदिश मांडायची आणि ठेवून द्यायची. आलाप नाही, तान नाही. दर वेळी तशीच. बायको दवाखान्यात असताना माणूस विस्तार करत नाही. तिचं नाव घेतो, पुन्हा घेतो.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात डेलावेअरमधून गाडीने जाताना तो एका मोटेलात पाणी प्यायला उतरला. काळा, धिप्पाड, फारसा न बोलणारा माणूस. मालकाला भीती वाटली, पोलीस आले, मंक गाडीतून हलेना, तर त्याच्या हातांवर दंडुके मारले. पियानोवाल्याच्या हातांवर. गाडी चालवत होती पॅनोनिका द कोनिग्जवार्टर, रॉथशील्ड घराण्यातली श्रीमंत बाई, जॅझवाल्यांची मैत्रीण. गाडीत सापडलेल्या गांजाचा आळ तिने स्वतःवर घेतला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ती अपिलात सुटली. मंकचं कार्ड परत गेलं.

मोठेपणाची वर्षं भरभर सांगते, कारण ती कुठल्याही मोठ्या माणसाची असतात तशीच आहेत. कोलंबियासारख्या बड्या कंपनीशी करार, जगभर दौरे, फेब्रुवारी १९६४ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर चित्र. तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या. टीकाकार आता म्हणू लागले की हा तेच ते वाजवतो. आधी कळत नाही म्हणाले होते.

१९६७-६८ मध्ये काढलेली त्याची चित्रफीत मी पाहिली. एका विमानतळावर तो उभा आहे, ओव्हरकोट घालून, आणि जागच्या जागी गिरक्या घेतोय. एक, दोन, तीन. नेली जवळच, सामानाशी. लोक हसत बघतायत. मलाही आधी गंमत वाटली. मग त्याचा मुलगा बोलतो, की वडिलांच्या डोळ्यांत बघावं आणि आपण कोण हे त्यांना नीटसं ठाऊक नाही हे कळावं, हे काय असतं. त्यानंतर ती गिरकी मला परत बघवली नाही. कलावंताचं वेडेपण हा आपल्या लोकांचा लाडका विषय. नेलीला विचारायला हवं होतं. तिने त्याचे कपडे, औषधं, विमानाची तिकिटं आणि त्याचे दिवस दिवस चालणारे अबोले सांभाळले.

सत्तरच्या दशकात तो पॅनोनिकाच्या घरी राहायला गेला, न्यू जर्सीतल्या वीहॉकनला. हडसनच्या अलीकडच्या काठावर. पलीकडे मॅनहॅटन दिसतं. घरात शंभरावर मांजरं. १९७६ नंतर त्याने लोकांसमोर वाजवलं नाही, आणि मग वाजवलंच नाही. खोलीत पियानो होता. सूट घालून, टाय बांधून तो पलंगावर पडून राहायचा. बॅरी हॅरिस नावाचा पियानोवादक त्याच घरात राहायचा, तो रोज रियाज करायचा. मंकच्या कानावर ते पडत असणार. १७ फेब्रुवारी १९८२ ला तो गेला.

"वाजवायचं का सोडलं त्याने?" भाच्याने विचारलं होतं. आजार होता, औषधं होती, थकवा होता, एवढं मी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, माझंही नाही.

बुवांना अर्धांगवायू झाल्यावर मी एकदा गावी भेटायला गेले होते. पेटी कोपऱ्यात, गवसणीत. वाचा गेलेली. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "वाजवा काहीतरी, ताई, त्यांना बरं वाटेल." मी पेटी पलंगाजवळ ओढली आणि त्यांनीच शिकवलेलं एक नाट्यपद धरलं. हात थरथरत होता. अंतऱ्यात वर जाताना दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या, तेच दोन गंधार, आणि मी घाबरून तशीच धरून राहिले. बुवांचा उजवा हात मेलेला होता. डावा गोधडीवर होता. तो उचलला गेला, वितभर, तळवा खाली करून. मी भात्यावरचा हात थांबवला. पण तो तळवा खाली येईना. हवेतच राहिला, आणि ते माझ्याकडे नाही, पेटीकडे बघत होते. मी परत भाता घातला. दोन्ही पट्ट्या दाबलेल्याच होत्या.